संवाद-गट, आघातग्रस्तांचे

संवाद-गट, आघातग्रस्तांचे : युद्ध, लैंगिक अत्याचार, नैसर्गिक आपत्ती इ. भीषण प्रसंगांतून वाचलेल्या व्यक्तींनी समान अनुभव असलेल्या इतरांसमवेत नियमितपणे एकत्र येऊन आपापले अनुभव सांगण्या-ऐकण्यासाठी बनविलेला गट. यात प्रत्येक सभासद आळीपाळीने निवेदक व श्रोता असतो. कोणी केवळ रुग्ण वा केवळ चिकित्सक नसतो. समूहचिकित्सेहून त्याचे वेगळेपण यातच आहे [⟶ समूहचिकित्सा]. या गटांच्या इतिहासात व्हिएटनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या गटांना विशेष महत्त्व आहे. सैनिकांनी परस्परांना सांगितलेल्या हकीकतींमुळे मानसवैद्यकाला एका विकृतीची नव्याने दखल घ्यावी लागली.

पार्श्वभूमी : समदुःखी व्यक्तींनी परस्परांना आधार देण्याची आधुनिक पद्धती मद्यासक्तांच्या ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेने रूढ केली (१९३५). युद्धजन्य मनोविकारांचा अभ्यास त्यापूर्वीच सुरू झाला होता. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्‌मयात आणली (१९१५). एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स यांनी, दुःखद स्मृती दडपण्याऐवजी त्यांचे कथन करावे, असा उपचार अवलंबिला. मात्र हा संवाद वैद्य व रुग्ण यांच्यापुरताच होता. अमेरिकन सायकिॲट्रिक ॲसोसिएशनने मानसिक विकृतींच्या आपल्या पहिल्या निदानपुस्तिकेत (१९५२) तीव्र ताणामुळे होणाऱ्या प्रतिक्रियेचा समावेश केला होता. परंतु दुसऱ्या आवृत्तीतून (१९६८) ते निदान वगळण्यात आले. त्या वेळी अमेरिकेचे पाच लाखांहून अधिक सैनिक व्हिएटनाममध्ये होते.

या युद्धाची रचना सैनिकाला एकाकी करणारी होती. सैनिकाची नेमणूक सामान्यतः एका वर्षाची असे व तो आपल्या तुकडीबरोबर न जाता एकटा जाई व एकटाच परते. दुसऱ्या महायुद्धातील अनेक सैनिक सोबत्यांसह जहाजाने काही आठवड्यांनी घरी पोहोचले. व्हिएटनामहून मात्र विमानाने एकदोन दिवसांत परत येता येई. परतल्यावर त्याला युद्धाविषयी तीव्र मतभेद असलेला समाज भेटे. रात्री दचकून जागे होणे, घडलेले प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा उभे राहणे, भावना बधिर होणे, सतत सावध राहणे, अकारण संताप यांसारख्या तक्रारींना अधिकृत नाव नसल्याने त्यांचा संबंध युद्धाशी जोडणे वैद्यांना अवघड जाई.

या उणिवेचा प्रत्यय बॉस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या सेरा हेली यांना आला (१९६९). माय लाय येथे आपल्या तुकडीने स्त्रिया व मुले यांची हत्या केल्याचे एका सैनिकाने त्यांना सांगितले. सहकाऱ्यांनी त्याला भ्रमग्रस्त ठरविले. पुढे त्याच वर्षी माय लायचे हत्याकांड उघडकीस आले. रुग्ण स्वतःच्या हातून घडलेल्या क्रौर्याविषयी बोलू लागला, तर चिकित्सकाने ते कसे ऐकावे, यावर हेली यांनी १९७४ मध्ये महत्त्वाचा निबंध लिहिला.

कार्यपद्धती : ‘व्हिएटनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ (स्थापना १९६७) या संघटनेच्या न्यूयॉर्क येथील कार्यालयात डिसेंबर १९७० पासून सैनिकांच्या बैठका सुरू झाल्या. त्यांना ‘रॅप ग्रूप’ म्हणत; मोकळेपणाने बोलणे हा ‘रॅप’ शब्दाचा तत्कालीन अर्थ होता. सैनिकांच्या निमंत्रणावरून मानसवैद्य रॉबर्ट जे लिफ्टन व मनोविश्लेषक हाइम शटन हे त्यांत विनामूल्य सहभागी झाले. लिफ्टन यांनी तत्पूर्वी हीरोशीमाच्या अणुबाँबस्फोटातून वाचलेल्यांचा अभ्यास केला होता. बैठकीची जागा व चर्चेचे विषय सैनिक ठरवीत. तज्ञांनाही आपल्या वृत्तींविषयी प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. समान अनुभवाची जवळीक, श्रोत्याची मनःपूर्वक उपस्थिती व आपल्या उपचाराची सूत्रे आपल्याच हाती असणे, ही तीन तत्त्वे लिफ्टन यांनी या अनुभवातून मांडली. बैठकांत केवळ सोसलेल्या यातनांची नव्हे, तर केलेल्या कृत्यांचीही कबुली दिली जाई. कबुली ऐकणारा स्वतः तेथे होऊन आलेला असल्याने धिक्कार व पोकळ सांत्वन हे दोन्ही टळत. डिट्रॉइट येथे (१९७१) शंभरांहून अधिक सैनिकांनी दिलेल्या जाहीर साक्षींचा हेतू जनमत जागे करण्याचा होता. बंद खोलीतील कथनाचा हेतू निवेदकाला पुन्हा माणसांत आणण्याचा होता.

याच सुमारास स्त्रीमुक्ती चळवळीतील गटांतून बलात्कारपीडित स्त्रिया आपले अनुभव सांगू लागल्या. ॲन बर्जेस व लिंडा होल्मस्ट्रम यांनी अशा स्त्रियांत आढळणाऱ्या लक्षणांचे वर्णन केले (१९७४). ही लक्षणे सैनिकांच्या लक्षणांशी मिळतीजुळती होती.

मान्यता : शटन, लिफ्टन व माजी सैनिक जॅक स्मिथ प्रभृतींच्या अभ्यासगटाने जमविलेल्या माहितीचा परिणाम होऊन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) ‘आघातोत्तर ताण विकृती’ समाविष्ट झाली. १९७९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने माजी सैनिकांसाठी समुपदेशन केंद्रांना मंजुरी दिली. ही केंद्रे रुग्णालयांबाहेर, सामान्य वस्तीत उघडण्यात आली व त्यांतील अनेक कर्मचारी स्वतः माजी सैनिक होते. आज अशी सु. ३०० केंद्रे आहेत. काँग्रेसच्या आदेशानुसार झालेल्या पाहणीत (१९८८) व्हिएटनाममध्ये सेवा केलेल्या पुरुषांपैकी सु. ३१% जणांना आयुष्यात केव्हातरी ही विकृती झाल्याचे आढळले. त्याच माहितीच्या काटेकोर फेरतपासणीत (२००६) हे प्रमाण सु. १९% भरले.

मूल्यमापन : अधिकृत मान्यतेबरोबर काही गमावलेही गेले. इतर मरण पावले असताना स्वतः जगल्याची, तसेच जगण्यासाठी केलेल्या कृत्यांची अपराधी भावना १९८० च्या निकषांत होती. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ती मुख्य निकषांतून वगळली गेली. अशा रीतीने गटांतील सर्वांत जड विषय निदानाच्या कडेला पडला. जॉनाथन शे यांच्या लेखनातून तो ‘नैतिक इजा’ या संकल्पनेच्या रूपाने पुन्हा चर्चेत आला. २०१३ च्या निकषांतही अपराधी भावनेला स्थान मिळाले.

कथन हे स्वतःच औषध आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत अनुभव वदवून घेण्याची पद्धती १९८० नंतर अग्निशामक व आपत्कालीन सेवांत पसरली. नियंत्रित चाचण्यांत मात्र तिने विकृती टळत नसल्याचे व काहींची लक्षणे वाढत असल्याचे दिसून आले. संवाद-गट याहून भिन्न होते. तेथे येणे ऐच्छिक होते, बोलण्याची वेळ ज्याची त्याने ठरवायची होती, आणि पुढच्या आठवड्यात तेच श्रोते पुन्हा भेटणार होते. आघातग्रस्ताला बोलते करण्यापेक्षा त्याच्यासाठी विश्वासू श्रोते टिकवून ठेवणे हे अधिक कठीण व अधिक मोलाचे कार्य होय, हा या गटांच्या इतिहासाचा मुख्य बोध आहे.