हरणाची शिकार: कोणी मचाणावर, कोणी पालथं पडून

पिकात हरणं शिरतात, ही तक्रार आपल्या गटांच्या बैठकीत नेहमी निघते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हरणाची शिकार बंद झाली. युरोपात ती आजही चालते, पण देश बदलला की शिकाऱ्याची बसण्याची तऱ्हाही बदलते.

जर्मनीत रान दाट आणि गावं जवळजवळ. तिथला शिकारी शिडी चढून लाकडी मचाणावर बसतो. वरून मारलेली गोळी हुकली तरी जमिनीतच जाते. मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. (मारायचं आणि घासही द्यायचा, आम्हाला गंमतच वाटली!) पूर्वी मात्र हा हक्क बहुतेक ठिकाणी राजे-सरदारांचा. हरणानं शेत खाल्लं तरी शेतकऱ्यानं हात लावायचा नाही. १८४८ च्या क्रांतीनंतर हा हक्क जमिनीच्या मालकाकडे आला.

स्कॉटलंडचे डोंगर उघडेबोडके. मचाण बांधायला झाड नाही, लपायला आडोसा नाही. म्हणून वारा अंगावर घेत, चिखलातून सरपटत जायचं आणि पालथं पडून नेम धरायचा. मारलेलं हरीण दणकट तट्टावर लादून खाली आणतात. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांना याचा भारी नाद. १८५२ मध्ये त्यांनी बाल्मोरलची जागा विकत घेतली. मग श्रीमंतांनी शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर भाड्यानं घेतले. त्या डोंगरांतली कितीतरी गावं आधीच मेंढ्यांसाठी उठवली होती. आता तिथं हरणं आली, माणसं परत आली नाहीत.

लुईस बेटावरच्या पार्क भागात असंच झालं. शेजारच्या गावांत दाटीवाटी, खायचे वांधे आणि डोळ्यांसमोर हरणांचं मोकळं रान. १८८७ च्या नोव्हेंबरात तिथले शेतकरी बंदुका घेऊन उघडउघड रानात शिरले. रान भाड्यानं घेणाऱ्याची बायको, जेसी प्लॅट, त्यांना आडवी आली आणि परत जा म्हणाली. कोणी ऐकलं नाही. त्यांनी तिथंच मुक्काम ठोकला, हरणं मारली, शिजवून खाल्ली. ना मचाण, ना सरपटणं! पुढे सैनिक आले, धरपकड झाली. १८८८ च्या जानेवारीत एडिनबरोत म्होरक्यांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. जमीन मात्र तेव्हा त्यांना मिळाली नाही.