मत्स्यटाकीच्या झाकणातला उजेड

घरगुती मत्स्यटाकीच्या दिव्यामागे बसवला जाणारा परावर्तक, म्हणजे दिव्यातून वर आणि बाजूंना निसटणारा उजेड अडवून तो पाण्याकडे वळवणारा पृष्ठभाग, ही दिसायला अगदी किरकोळ वस्तू आहे. पण तिच्यासाठी वापरलेल्या साहित्याचा माग काढू लागले की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. हौशी मत्स्यपालकाने विसाव्या शतकात जे जे झाकणाच्या आतून चिकटवले किंवा फासले, त्यातले जवळजवळ काहीच माशांसाठी तयार झालेले नव्हते, आणि या उसन्या साहित्यातून निवड करताना त्याने बहुतेक वेळा विश्वास ठेवला तो स्वतःच्या डोळ्यांना भावलेल्या चकाकीवर.

आरंभीच्या काळात परावर्तकाची गरजच नव्हती. इंग्लंडमध्ये काचेवरील कर 1845 मध्ये रद्द झाला, काच स्वस्त होऊ लागली, आणि 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकाच भांड्यात ठेवल्यास पाणी न बदलताही दीर्घकाळ स्वच्छ राहते, हे आपल्या प्रयोगांच्या आधारे मांडले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने या छंदाला वेडाचे रूप दिले. त्या टाक्या खिडकीशी ठेवल्या जात आणि उजेड सूर्याचा असे. त्यामुळे अडचण उजेडाच्या कमतरतेची नव्हती, तर अतिरेकाची होती. बाजूच्या काचांतून येणाऱ्या उन्हाने पाणी तापे, काचांवर हिरव्या शेवाळाचा थर चढे आणि आतले मासे दिसेनासे होत, म्हणून नैसर्गिक तळ्याप्रमाणे उजेड फक्त वरून यावा, हा विचार पुढे आला. परावर्तकाची कल्पना याच विचारावर उभी आहे.

परावर्तनाची खरी कारागिरी तोवर दुसरीकडे, समुद्रकिनाऱ्यावरच्या दीपगृहांत, मुरली होती. लिव्हरपूलचे गोदीप्रमुख विल्यम हचिन्सन यांनी 1763 च्या सुमारास लाकडाच्या खोलगट साच्याला आरशाच्या काचेचे तुकडे आतून जडवून दिव्यामागे बसवले होते, आणि घरच्या घरी परावर्तक बनवणाऱ्या कोणालाही तो आपलाच पूर्वज वाटावा असा हा प्रकार आहे. त्या काळचा आरसा म्हणजे काचेमागे कथिल आणि पाऱ्याच्या मिश्रणाचा लेप असे, ज्याच्या वाफेने कारागिरांचे आयुष्य पोखरले जाई. 1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिग यांनी चांदीच्या क्षारापासून काचेवर शुद्ध चांदीचा थर बसवण्याची रासायनिक क्रिया शोधली आणि पारा हळूहळू मागे पडला. दृश्य प्रकाशापैकी 95 टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवणारी चांदी परावर्तनात सर्वश्रेष्ठ खरी, मात्र उघडी राहिली की ती काळवंडते. काचेमागे सुरक्षित ठेवावी तर प्रकाशाला काचेतून दोनदा जावे लागते आणि काचेतला लोहाचा हिरवट अंश त्यातला काही भाग गिळतो. घरगुती आरसा टाकीच्या झाकणात फारसा रुजला नाही, त्याला हे एक कारण आहे. त्याचे वजन आणि तडकण्याची भीती ही दुसरी.

मत्स्यटाकीच्या बाबतीत खरे वळण आले ते 1938 मध्ये अमेरिकेत फ्लुरोसंट नळीचे दिवे, म्हणजे आपल्या बोलीतल्या ट्यूबलाइट, बाजारात आल्यावर. विजेचा बल्ब तापतो आणि त्याचा उजेड एका ठिपक्यातून येतो. ट्यूब थंड असते, टाकीच्या लांबीइतकी असते, पण तिचा उजेड सर्व दिशांना सारखाच फाकतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक उजेड थेट पाण्याकडे न जाता झाकणात आणि बाजूंना अडकतो. या वाया जाणाऱ्या उजेडाचा हिशेब मांडायला लागणे, हीच घरगुती परावर्तकाची जन्मवेळ म्हणावी लागेल. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये खुले झाले, तेव्हाच्या भारतीय घरांत ट्यूबलाइट हीसुद्धा नवलाईची वस्तू होती.

हौशी मंडळींच्या हाताला सर्वांत आधी लागली ती स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट व्हिक्टर नेहर यांनी 1910 च्या सुमारास ॲल्युमिनियम सलग लाटून पातळ पत्री बनवण्याची पद्धत प्रस्थापित केली आणि ती चॉकलेटाच्या वेष्टनासाठी वापरली जाऊ लागली. तोपर्यंत हे काम कथलाच्या पत्रीकडे होते, जिला मराठीत बेगड म्हणतात. बेगडी हा शब्द आपल्याकडे खोट्या झगमगाटासाठी वापरला जातो आणि पन्नीच्या बाबतीत तो अर्धाच अन्यायकारक ठरतो. पन्नीची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते, कारण शेवटच्या लाटणीत दोन पत्र्या एकावर एक ठेवून रुळांतून काढतात आणि ज्या बाजू एकमेकींना भिडतात त्या मंद राहतात. चकचकीत बाजू बाहेर ठेवावी यावर पुष्कळ वाद घातले गेले, प्रत्यक्षात दोन्ही बाजू सुमारे 88 टक्के प्रकाश परतवतात आणि फरक पडतो तो प्रकाश कोणत्या दिशेला जातो एवढ्यापुरताच. पन्नीचा खरा दोष तिच्या सुरकुत्यांत आहे. सुरकुतीत शिरलेला किरण बाहेर पडण्यापूर्वी दोनदा आपटला तर मूळ प्रकाशाचा सुमारे 77 टक्के भाग उरतो, तिसऱ्यांदा आपटल्यावर 68 टक्के. शिवाय पन्नी विद्युतवाहक असल्याने ट्यूबच्या टोकांशी तिची सैल कड लोंबणे, तेही ओलसर झाकणाखाली, हे संकटाला बोलावणेच होते.

पन्नीचा प्रतिस्पर्धी मात्र चमकत नव्हता, आणि म्हणूनच त्याला न्याय मिळायला उशीर झाला. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे व्यापारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत सुरू झाले आणि विषारी शिसेयुक्त सफेद्याची जागा त्याने हळूहळू घेतली. या द्रव्याचे कण प्रकाशाला शोषण्याऐवजी अतिशय जोराने वळवतात, त्यामुळे चांगला पांढरा रंग 85 ते 90 टक्के प्रकाश परतवतो; फक्त तो आरशासारखा एकाच दिशेने न परतवता सगळीकडे विखुरतो. पहिल्या प्रकाराला नियमित आणि दुसऱ्याला अनियमित परावर्तन म्हणतात, आणि आदर्श विखुरण्याचा गणिती नियम योहान लॅम्बर्ट यांनी 1760 मध्येच मांडला होता. आरशात प्रतिमा दिसते म्हणून तो अधिक उजेड देतो, असे डोळ्याला वाटते. पाणवनस्पतीला प्रतिमेशी काही देणेघेणे नसते. उथळ, साध्या झाकणाच्या टाकीसाठी चुरगळलेल्या पन्नीपेक्षा दोन हात पांढरा रंग सरस ठरतो, आणि तो दमटपणातही टिकतो.

आकाशाकडे पाहणाऱ्या दोन उद्योगांनी पुढचे साहित्य पुरवले. कॅलिफोर्नियात जॉन स्ट्राँग यांनी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसवण्याचे तंत्र सिद्ध केले आणि 1935 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीच्या आरशावरची चांदी जाऊन ॲल्युमिनियम आले. हेच तंत्र मायलर नावाच्या प्लास्टिकच्या पडद्यावर वापरून 1960 मध्ये ‘एको-1’ हा सुमारे 30 मीटर व्यासाचा फुगा-उपग्रह रेडिओ लहरी परतवण्यासाठी सोडण्यात आला. मायलर नंतर मत्स्यटाकीपर्यंत पोहोचला खरा, पण त्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी तो डागाळतो; प्लास्टिकची बाजू दिव्याकडे आणि धातूची आत ठेवणे, एवढाच त्यावर उपाय होता.

प्रवाळांच्या टाक्या लोकप्रिय झाल्यावर हा शोध पराकोटीला गेला, कारण प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना प्रखर उजेड लागतो. विसाव्या शतकाच्या शेवटी 16 मिलिमीटर जाडीची टी-5 नळी आली, आणि जुन्या 38 मिलिमीटरच्या नळीपेक्षा ती बारीक असल्यामुळे परावर्तकाच्या आकाराला प्रथमच खरे महत्त्व आले. सपाट पत्रा बराचसा प्रकाश पुन्हा नळीवरच टाकतो आणि नळीच्या आतला लेप त्यातला काही गिळतो. म्हणून मधोमध उंचवटा देऊन दोन्ही अंगांना पसरलेला, उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखा आकार प्रत्येक नळीला स्वतंत्रपणे देण्यात येऊ लागला. त्यासाठी जर्मनीच्या आलानोड कंपनीचा ‘मिरो’ हा 95 टक्के परावर्तनाचा ॲल्युमिनियम पत्रा वापरात आला. तो मुळात दिवेउद्योगासाठी तयार झालेला होता. त्यावरच्या पारदर्शक थरांमुळे त्याचे परावर्तन साध्या ॲल्युमिनियमच्या पुढे जाते. घरी वाकवताना तो पत्रा सहज ओरखडतो आणि ओरखडा कायमचा राहतो.

नंतर एलईडी आले. त्यांचा उजेड मुळातच एका बाजूला, साधारण 120 अंशांच्या पंख्यात पडत असल्याने वाया जाणारा वरचा अर्धा भाग उरला नाही, आणि परावर्तकाचे काम दिव्यावर बसणाऱ्या बोराएवढ्या भिंगाकडे किंवा ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या इवल्याशा वाटीकडे गेले. झाकणाची आतली बाजू मात्र आजही अनेक टाक्यांत पांढरीच असते.