मूल्यऱ्हास (बारामती–इंदापूरचा ऊसपट्टा)

काळ जाईल तसे वस्तूचे किंवा पैशाचे मोल उतरणे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा या साखर कारखान्यांच्या परिसरात हा ऱ्हास उसाच्या तोडीपासून सुरू होतो.

तोडलेल्या उसातले पाणी उडते आणि वजन घटते. त्यातल्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज बनते. त्याचे दाणे पडत नाहीत, म्हणून साखरेचा उतारा घसरतो. यासाठी ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा आग्रह असतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात गाड्या वजनकाट्यापुढे तटल्या, तर वजनातली तूट शेतकऱ्याच्या माथी बसते. उताऱ्यातली तूट वरवर कारखान्याची, पण एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) उताऱ्याला बांधलेली असल्याने तीही फिरून त्याच्याकडेच येते.

जमिनीचा ऱ्हास संथ असतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी काही रान क्षारपड, चोपण झाले. तिथे चर काढावे लागतात, चोपणात जिप्समही टाकावे लागते.

पैशाचा ऱ्हास मात्र कायद्याने मान्य केला आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचे. पुढच्या विलंबावर वार्षिक 15 टक्के व्याज. तीन लाखांचे बिल त्यापुढे दोन महिने रखडले, तर व्याज 7,500 रुपये होते. महाराष्ट्रात 2022 च्या शासननिर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची वाट काढली होती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

कारखान्यांचीही बाजू आहे. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि 2024-25 च्या हंगामातही तिथेच होता. त्याच काळात एफआरपी क्विंटलला 275 वरून 340 रुपये झाली, तीही 10 ऐवजी 10.25 टक्के उताऱ्यासाठी. मात्र या ताणाचा भार सभासद शेतकऱ्याच्या थकलेल्या बिलावर टाकणे म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणेच. विलंबाचे व्याज बिलात न मागता क्वचितच येते. सभासदाने ते कारखान्याकडे आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे लेखी मागावे.