रोमची परिषद आणि अराजकवाद्यांचा बंदोबस्त

इ.स. 1898 च्या सप्टेंबरात, जिनीव्हाच्या सरोवराकाठाने आगबोटीकडे पायी निघालेल्या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या छातीत लुइजी लुकेनी या इटालियन मजुराने टोक काढलेली कानस खुपसली, तेव्हा युरोपातील राजदरबारांचा उरलासुरला धीर सुटला. कारण चार वर्षांपूर्वी फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो आणि आदल्याच वर्षी स्पेनचे पंतप्रधान कानोव्हास हेही अशाच हातांनी मारले गेले होते. तिन्ही मारेकरी इटालियन, तेव्हा पुढाकार इटलीलाच घेणे प्राप्त झाले. 24 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबरपर्यंत रोममध्ये एकवीस राष्ट्रांचे राजदूत, कायदेपंडित आणि पोलीस अंमलदार बंद दाराआड बसले.

अराजकवाद्याच्या मनाचा शास्त्रीय शोध घेणारे विद्वान तोवर नव्हते असे नाही. तुरीनचे प्राध्यापक लोम्ब्रोसो यांनी 1894 मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला होता. कवटीच्या घडणीवरून गुन्हेगार ओळखण्याचा त्यांचा हव्यास आज हास्यास्पद वाटतो. परंतु दारिद्र्य आणि दुःशासन यांनाही त्यांनी दोष दिला होता, आणि फाशी दिल्याने अशा माणसाचा हुतात्मा होतो, सबब ती देऊ नये, असे बजावले होते. लुकेनीने जणू त्यांचीच साक्ष काढली. जिनीव्हात देहान्त शासन नव्हते, म्हणून आपला खटला ते जेथे होते त्या ल्यूसर्नच्या कायद्याने चालवावा, असा त्याने अर्ज केला! तरीही राष्ट्रप्रमुखाच्या खुन्यास देहदंडच असावा, असा ठराव परिषदेने केलाच.

राजदूतांचा बहुतेक काळ व्याख्येच्या वादात गेला. अराजकवादी कृत्यास राजकीय अपराध मानू नये, म्हणजे त्या सबबीवर कोणास परदेशी आश्रय मिळणार नाही, हा यजमानांचा कटाक्ष होता. राजकीय निर्वासितांना थारा देण्याची आपली परंपरा सांगून इंग्लंडने सही नाकारली. ज्या सरकारने त्याच वर्षी हिंदुस्थानात राजद्रोहाचे 124-अ हे कलम अधिक कडक केले, आणि ज्याच्या तुरुंगातून लोकमान्य टिळक नुकतेच सुटले होते, त्याच्या या औदार्याचे मराठी वाचकाला थोडे नवल वाटेल.

काम झाले ते पोलिसांच्या निराळ्या बैठकीत. संशयिताचे वर्णन कान, नाक, कपाळ यांच्या ठराविक संज्ञांनी लिहून तारेने कळवण्याची पॅरिसच्या बर्तियाँ यांची पद्धत सर्वांनी स्वीकारावी आणि हद्दपारांची खबर एकमेकांस द्यावी, हे ठरले. तहनामे दप्तरात पडून राहिले, पण अंमलदारांचा हा पत्रव्यवहार चालू राहिला. त्याने खून मात्र थांबले नाहीत: 1900 मध्ये खुद्द इटलीचे राजे उंबेर्तो मारले गेले, आणि त्यांचा मारेकरी अमेरिकेहून, म्हणजे परिषदेबाहेर राहिलेल्या देशातून, आला होता.

1934 मध्ये मार्सेल्सला युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांचा वध झाल्यावर राष्ट्रसंघाने तोच खटाटोप नव्याने केला आणि 1937 मध्ये दहशतवादविरोधी करार सिद्ध झाला. त्यावर चोवीस राष्ट्रांनी सह्या केल्या. त्याला रीतसर मंजुरी मात्र एकाच सरकारने दिली, ती 1941 साली, आणि ते सरकार हिंदुस्थानचे, म्हणजे दिल्लीत बसलेल्या इंग्रजांचे होते. करार कधीच अमलात आला नाही.