फारखत : सावकारी व्यवहारातील नोंदींचा लोप

‘फारकत’ हा शब्द आज आपण बहुधा पतिपत्नींच्या विभक्त होण्यापुरता योजतो. त्याचे जुने रूप ‘फारखत’, अर्थात ऋणातून मुक्त झाल्याचा लेख. खत धनकोपाशी राही; ऋणकोला आधार या फारखतीचाच. व्यवहाराची सारी स्मृती एकाच पक्षाच्या पेटीत राहिली म्हणजे काय घडते, हे दख्खनच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या संरक्षणाचा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार खत नवे करून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळे आणि वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चढे. मूळ रक्कम किती, फेड किती, जमा न धरलेले किती, याचा मागमूस नव्या खतात उरत नसे. नवे खत ही एका अर्थी जुन्या गैरव्यवहाराची फारखतच होती. मात्र ती मिळे सावकाराला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, रयतेने सावकारांच्या वह्या व खते जाळली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. जेथे कागद निमूटपणे हाती आले तेथे हिंसा सहसा टळली. यावरून रोष कशावर होता हे उघड होते. परंतु त्या आगीत कर्जाबरोबर लबाडीचा पुरावाही जळाला, हे विसरता येत नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने निराळा मार्ग धरला. पुणे, अहमदनगर, सोलापूर व आपल्या शेजारचा सातारा या जिल्ह्यांत न्यायालयांनी खतामागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून शोध घ्यावा, असे ठरले. पावती देणे बंधनकारक झाले. ग्रामनिबंधकासमोर नवे खत करताना जुने खत हजर करून त्याचे वर्णन नव्यात लिहावे लागे. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची पळवाट काढली, हे खरे. तथापि पूर्वेतिहास पुसू न देण्याचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेत रोखे-दलालांविरुद्धच्या तक्रारी लवादामार्फत सार्वजनिक नोंदवहीतून काढून टाकता येतात. नोंदी पुसून घेतलेल्या दलालांकडून पुन्हा गैरवर्तन होण्याचे प्रमाण सामान्य दलालांहून अधिक असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. २०२३ मध्ये तेथील नियामक संस्थेने यासाठी तीन लवादांचे एकमत आवश्यक केले.

निर्दोषाच्या माथी खोटा ठपका राहू नये, ही अपेक्षा न्याय्यच आहे. परंतु ती पुरी करण्याची रीत नोंद नष्ट करण्याची नसून तिच्याशेजारी निर्णय लिहून ठेवण्याची आहे. जुन्या खतावर खूण करणारा ग्रामनिबंधक नेमके हेच करीत होता.