सामाजिक कोळी
अष्टपाद वर्गाच्या एरेसिडी कुलातील, वसाहत करून राहणारा कोळी. शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सॅरासिनोरम. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती आढळतात; बहुतेक एकेकट्या राहतात, ही मोजक्या अपवादांपैकी एक आहे. आढळ : भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार. धाराशिव जिल्ह्यातील जळकोट परिसरासारखी कोरडी, काटेरी झुडपांची माळराने या जातीला मानवतात. पाने व काटक्या रेशमात गुंफून केलेल्या घरट्यात शेकडो कोळी राहतात. भोवती भक्ष्य पकडणारी जाळी पसरलेली असतात. मोठा कीटक अडकल्यास अनेक कोळी मिळून त्याला मारतात. वसाहतीत माद्यांची संख्या नरांपेक्षा बरीच जास्त असते. माद्या पिलांना पोटातील द्रव भरवतात आणि शेवटी पिले त्यांनाच खातात.