पहिले पाऊल आणि पागोटे

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी गृहस्थाकडे देशावरून पाहुणे येऊ लागले की दर हिवाळ्यात त्याला हुमायूनच्या कबरीची वारी घडते. पाहुण्यांना घुमट दाखवावा, बागेत क्षणभर बसावे आणि परत फिरावे, असा शिरस्ता. रस्त्यापलीकडे निजामुद्दीनच्या वस्तीत अतगाखान नावाच्या सरदाराची लहानशी पण अत्यंत देखणी कबर आहे. तिकडे सहसा कोणी वळत नाही. तिकडे मेहरौलीत कुतुबमिनाराजवळ आधमखानाची अष्टकोनी कबर उभी आहे. तिच्यातच त्याची आई माहम अनगा हिलाही पुरले आहे. या तिन्ही ठिकाणची माणसे एका काळी एकाच मुलाभोवती वावरत होती, आणि ते मूल तेव्हा जेमतेम उभे राहू लागले होते.

तवारिखा आणि बखरी राजपुत्राच्या जन्माची घटिका मोठ्या साक्षेपाने टिपतात आणि मग एकदम त्याच्या पहिल्या स्वारीपाशी येऊन थांबतात. मधले रांगणे, दात येणे, भिंतीला धरून उभे राहणे हे सारे बायकांच्या स्वाधीन, आणि म्हणून इतिहासाच्या बाहेर. अकबर याला अपवाद ठरला. त्याचे बालपण राजकारणात ओलीस पडले होते. आणि पुढे त्याने आपली आत्या गुलबदन बेगम हिला आठवणी लिहावयास सांगितल्या. तिच्यामुळे जनानखान्याचा दरवाजा किंचित किलकिला झाला. अबुल फजलने मात्र अकबरनाम्यात त्याच बाळलीलांतून ईश्वरी खुणा शोधल्या. तरी त्याच्या अलंकारांच्या राशीखाली घरातल्या गोष्टी जिवंत सापडतात.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोटच्या किल्ल्यात झाला. शेरशहाने राज्यातून हुसकलेला हुमायून त्या वेळी किल्ल्यात नव्हता. पुढच्या मुक्कामावर त्याला बातमी कळली. त्याला पाण्याचे तस्त देणारा जौहर हा सेवक आपल्या आठवणींत सांगतो की, सरदारांना वाटावयास बादशहापाशी काही उरले नव्हते. कस्तुरीचा एक तुकडा फोडून त्याने तोच सर्वांना वाटला. मुलाची आई हमीदाबानू अवघी पंधरा-सोळा वर्षांची होती.

मुलाच्या सेवेला दायांचा ताफा होता. त्यांतली जीजी अनगा ही शम्सुद्दीन महंमदाची बायको. १५४० मध्ये कनौजच्या पराभवानंतर नदीत बुडणाऱ्या हुमायूनला याच शम्सुद्दीनने हात देऊन वर काढले होते, आणि राजपुत्राला दूध पाजण्याचा मान त्याच्या घरी आला तो त्या उपकाराच्या फेडीपोटी. माहम अनगा ही सर्व दायांवर देखरेख करणारी, मानी आणि कर्तबगार बाई. दोघींत बेबनाव होता. मूल जीजीखेरीज कोणाचे दूध घेईना, तेव्हा तिने चेटूक केले आहे अशी कुजबूज सुरू झाली. जीजी कष्टी होऊन बसली असता सात-आठ महिन्यांचे मूल स्पष्ट वाणीने बोलले आणि त्याने तिचे सांत्वन केले, असे अबुल फजल लिहितो. चमत्कार बाजूला ठेवू. पण तान्ह्याने 'अं' म्हटले आणि त्यातून सबंध वाक्य ऐकले, अशी बाई कोणत्या घरात नसते? आमच्याकडे तर रोज एक व्याख्यान होते.

डिसेंबर १५४३ मध्ये क्वेट्ट्याजवळ शाल-मस्तान येथे मुक्काम असता खबर आली की हुमायूनचा सावत्र भाऊ अस्करी मिर्झा कंदाहारहून चालून येत आहे. घोडे पुरेसे नव्हते. तार्दी बेगापाशी घोडा मागितला तर त्याने चक्क नकार दिला. हुमायून आणि हमीदाबानू मूठभर माणसांनिशी इराणच्या वाटेला लागली. चौदा महिन्यांचे मूल दायांसह छावणीत मागे राहिले. गुलबदन सरळ सांगते की मुलाला उचलून घेण्याइतकीही सवड मिळाली नाही. अबुल फजल त्याच प्रसंगावर ईश्वरी संरक्षणाची शाल पांघरतो. मला गुलबदनचे बोलणे खरे वाटते. ती घरातली होती.

अस्करीने पुतण्याला कंदाहारला नेले आणि आपली बायको सुलतानम बेगम हिच्या हवाली केले. ज्याचा बाप आपल्या नवऱ्याचा वैरी, त्या मुलाला तिने मायेने वागवले. इतिहासात या बाईचे नाव एवढ्यापुरतेच येते.

कंदाहारात मूल चालू लागले. तुर्कांत अशी रीत होती की, मूल प्रथम पाऊल टाकू लागले म्हणजे बापाने, आजोबाने किंवा त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्याने डोक्याचे पागोटे काढून त्याला असे मारावे की ते धडपडून खाली बसेल. दृष्ट लागू नये म्हणून हा उपाय. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, गालावर काजळाची तीट लावतात, त्यातलाच प्रकार. परंतु बाप तर इराणच्या वाटेवर! तेव्हा माहम अनगा धीटपणे अस्करीपुढे गेली आणि म्हणाली की बादशहा येथे नाहीत, आपण त्यांच्या जागी आहात, तरी रीत पार पाडावी. अस्करीने तत्काळ पागोटे काढून मुलावर फेकले, आणि मूल पडले.

या प्रसंगात मला विशेष वाटते ते माहमच्या धाडसाचे. ती कैदेतल्या मुलाची दाई. समोर ज्याने त्याला धरून आणले तो. कारस्थानाच्या त्या घरात तिने त्याला काकाच्या कर्तव्याची आठवण दिली, आणि घटकाभर का होईना, अस्करी काका झाला. बदलीच्या नोकरीत आपल्यापैकी कित्येकांनी मुलाचे पहिले पाऊल फोनच्या चौकटीत पाहिले असेल. हुमायूनला तेवढेही मिळाले नाही. जे पागोटे त्याच्या मस्तकावरून उतरावयाचे, ते त्याच्या वैऱ्याच्या मस्तकावरून उतरले.

हा प्रसंग आपल्याला पक्का आठवतो, असे अकबर स्वतः सांगत असे. त्याच सुमारास कंदाहारजवळ बाबा हसन अब्दाल यांच्या स्थानी आपले जावळ काढले, तेही आठवते म्हणे. सव्वा वर्षाच्या मुलाला असे काही आठवत असेल, यावर आजचे मानसशास्त्र विश्वास ठेवणार नाही. दायांनी ती गोष्ट त्याला शंभरदा सांगितली असावी. आपल्यालाही आपल्या जावळाची हकीकत अशीच 'आठवते'.

पुढे हुमायून इराणचे सैन्य घेऊन परततो आहे हे कळताच, १५४४-४५ च्या हिवाळ्यात, मुलाला व त्याची सावत्र बहीण बख्शीबानू हिला भर बर्फातून काबूलला कामरान मिर्झाकडे धाडण्यात आले. वाटेत ओळख पटू नये म्हणून त्याला 'मीरक' आणि तिला 'बीचा' म्हणत. काबूलला बाबराची बहीण खानजादा बेगम होती. ती मुलाचे हातपाय चुंबून म्हणे की हे थेट माझ्या भावाचेच हातपाय. एवढ्या धावपळीत हे एक आजीचे घर त्याला लाभले. तेही फार दिवस नाही, कारण १५४५ मध्येच ती वारली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हुमायूनने काबूल घेतले आणि बापलेकांची भेट झाली. हमीदाबानू मागाहून कंदाहारहून आली. तोवर सव्वादोन वर्षे लोटली होती. घरातल्या साऱ्या स्त्रिया एकत्र बसवल्या आणि मुलाला म्हणाले, आई ओळख. तो नेमका तिच्याकडे गेला, असे अबुल फजल लिहितो. येथे त्याच्यावर अविश्वास दाखवावा असे मला वाटत नाही.

दायांचे पुढे काय झाले ते दिल्लीच्या दगडांत आहे. अकबर गादीवर आल्यावर काही वर्षे माहम अनगाचा दरबारात मोठा शब्द होता. जुन्या किल्ल्यासमोरची खैरुल मनाझिल ही मशीद तिचीच. जीजीचा नवरा शम्सुद्दीन अतगाखान म्हणून प्रधानपदी चढला. तो जुना बेबनाव आता दोन घराण्यांचे वैर झाला होता. १६ मे १५६२ रोजी आग्ऱ्याच्या वाड्यात माहमचा मुलगा आधमखान याने अतगाखानाचा खून करविला. अकबराने आधमला गच्चीवरून खाली फेकावयास लावले. जीव गेला नाही म्हणून पुन्हा वर आणून फेकले. माहम चाळीस दिवसांनी गेली. तिने ज्याच्यासाठी पागोटे उतरवून घेतले, त्याच्याच हुकमाने तिचा पोटचा मुलगा गेला.

जीजी अनगा मात्र पुष्कळ जगली. तिचा मुलगा मिर्झा अझीझ कोका कितीही उद्धटपणे वागला तरी अकबर सोडून देई; आपल्या दोघांमध्ये दुधाची नदी वाहते, ती ओलांडता येत नाही, असे तो म्हणे. १६०० च्या सुमारास जीजी वारली. अठ्ठावन्न वर्षांच्या बादशहाने तिला खांदा दिला आणि डोके व मिशा उतरवून घेतल्या.